बाई, वेबसाइट उघडत नाही!

मुलांनो, संध्याकाळी अचानक दिवे गेले, तर तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? खिडकीतून डोकावता आणि विचारता, "शेजाऱ्यांकडे आहेत का?" शेजारीही अंधार असेल, तर बिघाड बाहेर कुठेतरी. शेजारी लख्ख उजेड असेल, तर बिघाड आपल्याच घरात! बघा हं, एका साध्या प्रश्नानं अर्धं काम होतं.

आज अशाच एका बिघाडाची गोष्ट सांगते. यात दिवा नव्हता, वेबसाइट होती. आणि चूक शेवटी कुणाची निघाली, ते ऐकून तुम्हाला हसू येईल. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं.

आमच्या शाळेला पन्नास वर्षं पूर्ण झाली. गावातल्या लोकांनी ट्रंकांमधून जुने फोटो काढून आणून दिले. कुणाचे आजोबा अर्ध्या चड्डीत, कुणाची आजी दोन वेण्यांत! हे सगळे फोटो शाळेच्या वेबसाइटवर ठेवायचे आणि शनिवारी पालकसभेत दाखवायचे, असं मी मोठ्या उत्साहानं जाहीर करून टाकलं. वेबसाइट मात्र अजून जन्माला यायची होती!

वेबसाइट राहते कुठे, ठाऊक आहे? सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा, इंटरनेटला जोडलेला संगणक. आपण त्यावर जागा भाड्यानं घेतो. त्याला म्हणतात होस्टिंग. एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत ना, तसंच. ही वाड्याची गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्या जागेवर आम्हाला वर्डप्रेस बसवायचं होतं. वर्डप्रेस हे वेबसाइट तयार करण्याचं मोफत सॉफ्टवेअर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली आणलं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांच्या आसपास त्यावर चालतात.

वर्डप्रेसचे दोन भाग असतात. एक म्हणजे फाइली. ती समजा शाळेची इमारत, बाकं आणि फळे. दुसरा भाग डेटाबेस. ते समजा ऑफिसातलं कपाट. त्यात लेख, सूचना, कोणाला काय करायची मुभा आहे त्याची यादी, सगळं नीट लावून ठेवलेलं असतं. इमारतीला कपाटापर्यंत पोचायचं, तर चार गोष्टी माहीत हव्यात : कपाटाचं नाव, ते उघडणाऱ्या क्लार्कचं नाव म्हणजे युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि कपाट ठेवलंय ती जागा. वर्डप्रेस बसवताना हेच आपल्याला विचारतं.

बुधवारी मी होस्टिंगच्या पानावर जाऊन डेटाबेस तयार केला, त्याचा युजर तयार केला आणि नावं माझ्या डायरीत उतरवून घेतली. गुरुवारी मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा माझ्या डायरीतून बघून ती नावं संगणकात भरत होता. पासवर्ड तेवढा मी स्वतः टाकला. त्यानं बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत भलामोठा मजकूर आला. वरची ओळ एवढंच सांगत होती, की डेटाबेसशी संपर्क होत नाही.

"बाई, वेबसाइट उघडत नाही!" एकच गलका झाला. "यानंच काहीतरी दाबलं!"

"बाई, मी काही नाही केलं..." तो पुटपुटला.

आणि मी काय म्हणाले? "एवढी घाई करायला कुणी सांगितलं होतं तुला?" तो गप्पकन उठला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी मी एकटी संगणकासमोर बसले. पासवर्ड बदलला, दुसरा डेटाबेस केला, नाव बदललं, पुन्हा जुनं घातलं. तासाभरात असा गोंधळ झाला, की काय बदललं आणि काय नाही हेच मला आठवेना. कुणीतरी सुचवलं, "सगळं पुसून टाका आणि पहिल्यापासून करा." पण तीच चूक पुन्हा केली, तर पहिल्यापासून करून काय मिळणार?

शुक्रवारी मी एक कोरी वही आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन वर्गात आले. वहीत तीन रकाने आखले : काय दिसलं, काय बदललं, मग काय झालं. नियम एकच : एका वेळी एकच बदल!

मग आम्ही तो मजकूर शब्दकोश घेऊन शेवटपर्यंत वाचला. आदल्या दिवशी तो कुणीच पुरता वाचला नव्हता, मीसुद्धा! त्याचं म्हणणं होतं, की युजरनेम किंवा पासवर्ड चुकला असेल, नाहीतर डेटाबेसचा सर्व्हर उत्तर देत नसेल.

"शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का ते बघू," मी म्हणाले. होस्टिंगच्या पानावरून आम्ही डेटाबेस उघडला. लगेच उघडला! म्हणजे सर्व्हर चालू होता. बिघाड आपल्याच घरात.

पासवर्ड पुन्हा काळजीपूर्वक टाकला. काही फरक नाही. वहीत तसं लिहिलं. एवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, डायरीत युजरचं नाव नुसतं 'लेखनिक' आहे. इथे यादीत 'विद्या_लेखनिक' दिसतंय." (खरी नावं वेगळी आहेत हं, ती सांगायची नसतात.)

आता तो वाडा आठवा! वर्गात तीन सायली असल्या, तर हजेरी घेताना आडनावही घ्यावं लागतं. तसंच अनेक बिऱ्हाडांच्या सर्व्हरवर पुष्कळदा आपल्या खात्याचं नाव आणि खालची रेघ प्रत्येक नावाच्या आधी आपोआप लागते. नाव टाइप करायच्या चौकटीला लागूनच ते छापलेलं होतं. मला वाटलं, ती नुसती सजावट!

पूर्ण युजरनेम घातलं. पुन्हा इंग्रजी मजकूर. मुलांचे चेहरे पडले. "थांबा," मी म्हटलं, "कालचाच आहे का हा?" नव्हता! नवा मजकूर सांगत होता, की युजरनेम आणि पासवर्ड बरोबर आहेत, पण डेटाबेस निवडता येत नाही. म्हणजे एक दार उघडलं होतं, आता दुसऱ्याशी अडलो होतो. बिघाड शोधताना मजकूर बदलला, तर ती प्रगतीच समजायची.

त्याखाली तीन प्रश्न होते. डेटाबेस खरंच आहे का? या युजरला तो वापरायची परवानगी आहे का? आणि तिसरा : काही ठिकाणी डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव लागतं, तसं तर नाही ना? वर्गात हशा पिकला. उत्तर त्या मजकुरातच होतं!

डेटाबेसचं नावही पूर्ण केलं. तरी मजकूर तोच! पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. तिसरा सुटला होता. उरला दुसरा. सगळे विचारात पडले, तोच दारातून आवाज आला, "बाई, क्लार्ककाका आले, कपाट आहे, पण किल्ली त्यांना दिलीच नसेल तर?"

तो दारात उभा होता. कधीपासून ऐकत होता कोण जाणे!

अगदी तसंच निघालं. मी डेटाबेस केला, युजर केला, पण दोघांना एकमेकांशी जोडून परवानगी द्यायची पायरी विसरले होते. ती दिली. मग मी उठून त्याला खुर्चीवर बसवलं. त्यानं बटण दाबलं आणि वर्डप्रेस बसलं!

टाळ्या थांबल्यावर मी वही मोठ्यानं वाचली. चुका तीन : युजरचं अर्धवट नाव, डेटाबेसचं अर्धवट नाव आणि राहिलेली परवानगी. तिन्ही माझ्या. त्यानं तर माझ्या डायरीतलं अक्षर न अक्षर बरोबर उतरवलं होतं. "चूक माझी होती, आणि बोलणी तुला बसली," मी सगळ्यांसमोर म्हटलं. तो काही बोलला नाही. फक्त विचारलं, "बाई, पहिला फोटो कुणाचा लावू?"

मुलांनो, अशी नोंदवही ठेवण्याची रीत फार जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा अवाढव्य संगणक बिघडला. शोधता शोधता त्याच्या एका रिलेत, म्हणजे विजेनं चालणाऱ्या खटक्यात, चक्क एक पतंग अडकलेला सापडला! ग्रेस हॉपर या प्रसिद्ध संगणकतज्ज्ञ त्या गटात होत्या. तिथल्या मंडळींनी तो पतंग चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत आधीपासून होती; इथे तर खराखुरा किडा मिळाला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयानं ती वही जपून ठेवली आहे.

तुम्हीही अशी एक वही करा. सायकलची चेन उतरते, रेडिओ खरखरतो, गणिताचं उत्तर जमत नाही, सगळ्याला ती चालते. पासवर्ड मात्र तिच्यात लिहू नका! आणि पालकांनो, घरात काही बिघडलं, की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "कुणी हात लावला?" त्याऐवजी "काय दिसतंय, वाच बरं," असं म्हणून बघा. पहिल्या प्रश्नानं मूल दूर जातं, हे मी माझ्याच वर्गात पाहिलं आहे.

आणि हो, शनिवारी पालकसभेत पडद्यावर पहिला फोटो आला तो दोन वेण्यांतल्या आजींचा. त्या स्वतः पहिल्या रांगेत बसल्या होत्या!