आधी पाणी पिकवा

कटला, रोहू, मृगळ हे आपले तिन्ही कार्प मासे मुळात तळ्यातलंच खाऊन वाढणारे. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू मधल्या थरात शेवाळ आणि कुजकी पानं चघळतो, मृगळ तळाचा गाळ उपसतो. म्हणून मत्स्यबीज सोडण्याआधी पाणी तयार करायचं.

मातीच्या तळ्यात आधी चुना टाकतात, काही दिवसांनी शेण. शेणातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरलं की उन्हात हिरवं शेवाळ धरतं आणि त्यावर सूक्ष्म प्राणी पोसतात. पाणी कितपत पिकलं हे पाहायला हात पुरतो: कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेण थांबवा. कोपर बुडूनही बोटं स्पष्ट दिसली तर अन्न कमी आहे. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र ही परीक्षा फसते.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात माती नाही, त्यामुळे मृगळाची आबाळ होते. निदान रोहूसाठी तिथे बांबू पाण्यात उभे टांगावेत, प्लॅस्टिकला भोक पडू न देता. त्यांवर चढणारा शेवाळाचा थर रोहू आवडीने खरवडून खातो.

एवढा खटाटोप कशासाठी? भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घातली तरी मासा वजन धरतोच की! धरतो, पण शेंगदाण्याच्या पेंडीत ओमेगा-३ जवळपास नसतं, कोंड्यात अगदी थोडं. ते मुळात शेवाळ बनवतं आणि सूक्ष्म प्राण्यांमार्फत माशात येतं. नुसत्या पेंडीवरचा मासा चरबी धरतो, पण ती चरबी वेगळी. पेंड जोडीला हवीच, फक्त जोडीलाच. विदर्भात घाण्यावरची जवसाची पेंड मिळते, ती थोडी मिसळून पाहण्यासारखी आहे. जवसातल्या ओमेगा-३पासून कार्प आपल्याला हव्या त्या रूपातलं ओमेगा-३ काही प्रमाणात स्वतः घडवतो. शिवाय या साऱ्यात समुद्रातले मासे दळून केलेलं खाद्य लागत नाही. माझ्या मते या शेतीचं मोठेपण तिथेच आहे.

पेंड पाण्यावर भिरकावू नये. बारीक भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगली की मासे हवी तेवढी ओढून खातात, वाया कमी जाते.

जपायचं ते पहाटे. शेवाळ रात्री प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं. मासे वर येऊन तोंड वासू लागले की त्या दिवशी शेण बंद, पेंड बंद. आधी ताजं पाणी सोडायचं.