मधुमेही पायावरील जखमेची नोंद

मधुमेही रुग्णाच्या तळपायावरची जखम पुष्कळदा दुखत नाही आणि तिचा मोठा धोका याच न दुखण्यात असतो. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे पायाची संवेदना मंदावते आणि चप्पल लागून पडलेला घट्टा किंवा रुतलेला काटा रुग्णाच्या ध्यानातच येत नाही. वेदनेचा इशारा नसल्याने सारी भिस्त पद्धतशीर तपासणीवर आणि काटेकोर नोंदीवर राहते.

जखमेची जागा नोंदवून तिची सर्वाधिक लांबी आणि त्या लांबीला काटकोनात येणारी रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतात, तर खोली निर्जंतुक सळईने अजमावतात. सळई आत टणक हाडाला टेकली, तर संसर्ग हाडापर्यंत पोचल्याची शंका घेऊन पुढील तपासण्या कराव्या लागतात. त्यानंतर जखमेचा तळ पाहतात. लाल, दाणेदार भाग म्हणजे भरून येणाऱ्या जखमेतील मांसांकुर, पिवळसर चिकट थर म्हणजे स्लफ आणि काळा भाग म्हणजे मृत ऊती. यांपैकी कोणी किती जागा व्यापली आहे, हे टक्क्यांत लिहितात. स्रावाचे प्रमाण व रंग, वास, कडांची ठेवण आणि भोवतालची त्वचा यांचीही नोंद होते. सावळ्या त्वचेवर संसर्गाची लाली सहज दिसत नसल्यामुळे तेथे हाताला जाणवणारी ऊब आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलेली सूज यांना विशेष महत्त्व येते.

जखमेइतकाच पायही तपासावा लागतो. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना पडताळतात, तर घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडातील रक्तदाबाने भागून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतात. हे गुणोत्तर 0.9 पेक्षा कमी आल्यास रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे समजतात, मात्र मधुमेहात त्या कडक झाल्या असतील, तर आकडा फसवा वाढतो आणि पायाच्या अंगठ्यातील दाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

‘जखम बरी दिसते’ एवढाच शेरा पुढच्या वेळी ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या काही उपयोगाचा नसतो. उलट 4 सेंटिमीटर लांब व 3 सेंटिमीटर रुंद जखम चार आठवड्यांत 3 बाय 2 वर आली, तर लांबी-रुंदीच्या गुणाकारानुसार ती निम्मी झाल्याचे कोणालाही कळते. योग्य उपचार चालू असूनही या मुदतीत जखम निम्मी झाली नाही, तर रक्तपुरवठा, संसर्ग आणि पायावर पडणारा भार यांचा फेरविचार करावा लागतो. तो वेळेवर होण्यासाठी पहिल्या दिवशीचे माप केसपेपरवर असणे अत्यावश्यक असते.