आयोगाचे कार्ड आणि कोलामाची तक्रार

मोटारसायकलच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’ लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. खिशात प्लास्टिकचे ओळखपत्र, त्यावर अशोकस्तंभासारखे दिसणारे काहीतरी, खाली ‘तालुका अध्यक्ष’ किंवा ‘जिल्हा निरीक्षक’ असे पद आणि वर ठळक अक्षरांत ‘आयोग’. हे कार्ड वर्गणी भरून मिळते. ते बाळगणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो, आणि पुष्कळदा तो आपल्याच वस्तीतला, बेरोजगार, बोलका, चळवळीत वाढलेला तरुण असतो. ठाण्यात गेल्यावर फौजदाराने आपल्याला बस म्हणावे, एवढीच त्याची भूक असते. ज्या समाजाला शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्या समाजातल्या पोराला खुर्चीची ओढ वाटली तर त्याला हसण्याचा अधिकार मनुवाद्यांना तरी नाही. पण आपण आपल्या घरात बसून खरे बोलले पाहिजे. ह्या कार्डाने आजवर किती जणांना न्याय मिळाला आणि किती प्रकरणांत ‘तडजोड’ झाली?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ चा. त्याखाली ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राचा राज्य आयोग प्रत्यक्ष कामाला लागायला २००१ साल उजाडले. चौकशी करताना ह्या दोन आयोगांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते साक्षीदाराला हजर राहायला सांगू शकतात, सरकारी दप्तर मागवू शकतात. शेवटी मात्र तेही शासनाला शिफारस करतात. म्हणजे खऱ्या आयोगाचा हातसुद्धा मर्यादित आहे. मग वर्गणीच्या पावतीवर उभा असलेला ‘आयोग’ कोणाला नोटीस काढणार? त्याने काढलेल्या नोटिशीला रद्दीचाच भाव. आणि लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा गुन्हा आहे, हेही त्या पोरांना कोणी सांगत नाही. नामसाधर्म्य असलेल्या अशा संस्थांपासून सावध राहा, असे राष्ट्रीय आयोगानेच वेळोवेळी बजावले आहे.

ह्यावर शासनाने शोधलेला उपाय रोगापेक्षा वाईट होता. २०१८ मध्ये राज्याच्या धर्मादाय आयुक्तांनी परिपत्रक काढले की संस्थांच्या नावात ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ किंवा ‘मानवी हक्क’ असे शब्द नकोत, असतील तर काढा. म्हणजे चोर सापडत नाही म्हणून सगळ्या गावाची दारे काढून न्या! मानवी हक्क हा शब्दच सरकारजमा करण्याचा हा प्रकार होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठाने, ते परिपत्रक रद्द केले. हे बरे झाले. मात्र ‘मानवी हक्क’ हे शब्द नावात असणे वेगळे आणि स्वतःला ‘आयोग’ म्हणवून घेणे वेगळे. पहिला आपला अधिकार आहे, दुसरी लोकांची दिशाभूल आहे.

आणि गंमत अशी की खऱ्या स्वयंसेवकाला कायद्याने आधीच जागा दिलेली आहे. त्याच १९९३ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आयोगाची कामे सांगितली आहेत. त्यात मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संघटनांच्या प्रयत्नांना उत्तेजन देणे हे एक काम आहे. म्हणजे गावातला कार्यकर्ता आयोग नसला तरी आयोगाने ज्याला बळ द्यायचे तो नक्कीच आहे. तो काय करू शकतो, हे मुंबई-नागपूरच्या सभागृहात कळत नाही. त्यासाठी झरी जामणीला जावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी टोकाचा हा तालुका. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. जिल्ह्याचे ठिकाण शंभरेक किलोमीटरवर आणि राज्य आयोगाचे मुंबईतले कार्यालय सातशेवर. कापूस, तूर, जंगल आणि मुकुटबनकडच्या खाणी व सिमेंट. ठाणी मुकुटबन आणि पाटण येथे. गोंड आणि कोलाम ही येथली जुनी माणसे. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोड गावापासून सुटून असते, तसेच पोडावरचे दुःखही गावाच्या चर्चेपासून सुटून असते. बौद्ध वस्तीवर हात पडला तर निदान जयभीमची आरोळी तरी तालुक्यापर्यंत पोहोचते. पोडावरून आरोळी निघत नाही.

ह्या तालुक्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुतेक एका शब्दाबरोबर, ‘कुमारी माता’. शब्द पाहा. ज्या मुलीला फसवले तिला नाव मिळाले, फसवणाऱ्याला कुठलेच नाव नाही. बाहेरून कामावर आलेले ठेकेदार, मुकादम, गाडीवाले, काही नोकरदार, आणि कधी गावातलाच धनदांडगा. लग्नाचे आमिष, मजुरीचे आमिष, मग माणूस निघून जातो आणि पोर पोडावर राहते. वर्षानुवर्षे ह्यावर बातम्या झाल्या, विधिमंडळात बोलले गेले, पाहण्या झाल्या. सरकारी मोजणी आणि कार्यकर्त्यांची मोजणी मात्र कधी जुळली नाही. न जुळण्याचे कारण साधे आहे. फायलीत तीच बाई येते जी दाराशी आलेल्या साहेबाला ‘होय’ म्हणते. परक्या जीपमधून उतरलेल्या, परकी भाषा बोलणाऱ्या माणसाला कोणती बाई होय म्हणेल?

येथे ठाण्यात एक ठरलेले उत्तर मिळते, ‘संमतीने झाले असेल.’ हे उत्तर देणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो आणि ऐकून परत येणाऱ्यानेही वाचलेला नसतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या मूळ मसुद्यातच कलम होते की, ज्याचा वरचष्मा आहे अशा माणसाने त्या स्थितीचा वापर करून दलित-आदिवासी स्त्रीचे असे लैंगिक शोषण केले की ज्याला ती एरवी कबूल झाली नसती, तर तो गुन्हा. २०१५ च्या दुरुस्तीत आणखी स्पष्ट केले गेले की केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून त्या स्त्रीची संमती होती असे धरता येणार नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर ही कलमे लागतात. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हे १९९५ च्या नियमांत आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची सबबही राहिलेली नाही. ठाणे घेत नसेल तर तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने धाडता येते. एवढे चार मुद्दे ज्याला तोंडपाठ आहेत त्याला कार्डाची गरज नाही.

पण गुन्हा नोंदवणे हे काम थोडे. त्यानंतरचे काम मोठे, आणि त्यात फोटो निघत नाही. पोराचा जन्मदाखला काढायचा. अविवाहित आईने केवळ प्रतिज्ञापत्र दिले तरी दाखला दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. तरी ग्रामपंचायतीत बापाचे नाव विचारतात, म्हणून निकालाची प्रत घेऊन कोणीतरी सोबत जावे लागते. जातीचा दाखला काढायचा. पोर आईच्या जमातीत, आईच्याच माणसांत वाढले आहे हे पुराव्याने दाखवता आले तर बाप दुसऱ्या जातीचा म्हणून दाखला नाकारता येत नाही, हा २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पोटगी मागायची. लग्नाबाहेर जन्मलेल्या पोरालाही बापाकडून पोटगीचा हक्क फौजदारी संहितेच्या जुन्या कलम १२५ मध्ये होता आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पितृत्व नाकारले तर न्यायालयाकडे डीएनए चाचणी मागायची. ह्या प्रत्येक दाखल्यासाठी दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक मजुरी बुडते. स्वयंसेवकाचे मानवी हक्काचे काम म्हणजे एसटीच्या त्या फेऱ्या होत.

तथ्य शोधायला गावात जाणे ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर डॉ. बाबासाहेबांना घेतले होते. त्या समितीच्या कक्षेत अस्पृश्यांबरोबर आदिवासीही होते, हे आपण विसरतो. खानदेशातल्या दौऱ्यावरून परतताना ते चाळीसगावला थांबले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे हा टांगेवाल्यांना कमीपणा वाटला. म्हणून वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम धरला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. चौकशी करायला आलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, त्याच्याच पायावर तक्रारीचा पुरावा लिहिला गेला! पदाने सन्मान मिळतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो टांगा आठवावा. त्याच बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून १९३७ पर्यंत, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत, चिकाटीने लढवला. दहा वर्षे एक फाईल सांभाळली.

फाईल न सांभाळल्याने काय होते ते खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरेखाताई आणि प्रियंका ह्या आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. त्या साक्षीचा सूड घेतला गेला. बातमी बाहेर आली ती गावात जाऊन विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे, मोठ्या वर्तमानपत्रांमुळे नव्हे. पण तोवर पहिला पंचनामा, पहिली शवचिकित्सा होऊन गेली होती. भंडारा न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. उच्च न्यायालयात २०१० मध्येही तेच. हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि तरी ‘जात’ हा शब्द निकालात सिद्ध होऊ शकला नाही. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत ठाण्यात आणि दवाखान्यात आपला लिहिता-वाचता माणूस उभा असता तर काय झाले असते, हा प्रश्न आजही जात नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम कायद्यात आले ते २०१५ मध्ये. सुरेखाताईंना नऊ वर्षे उशिरा.

यवतमाळ जिल्ह्यालाही असा धडा २०१७ मध्ये मिळाला. कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, राष्ट्रीय आयोगाने स्वतःहून दखल घेतली. फवारणारा पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतावरचा भूमिहीन मजूर असतो. सातबारा मालकाचा, विष मजुराच्या फुप्फुसात. अशा वेळी दवाखान्याचा केसपेपर हीच त्याची इस्टेट, आणि तो जपून ठेवायला सांगणारा माणूस हवा.

आणखी एक दार आहे ज्यावर कोणी थाप मारत नाही. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व संनियंत्रण समिती असते, तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक झाली पाहिजे. उपविभागीय पातळीवरही अशी समिती आहे. तिच्यात अशासकीय सदस्य असतात. तुमच्या उपविभागात ते कोण आहेत, मागच्या वर्षात बैठका किती झाल्या, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकला की तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दहा डिसेंबरला मानवाधिकार दिनाचा बॅनर लावण्यापेक्षा हा अर्ज स्वस्त पडतो. बॅनरवर आपला फोटो असतो, अर्जावर नसतो, एवढाच काय तो अडथळा.

आयोगाकडे जाण्याची वाट तशी सोपी केलेली आहे. फी नाही, वकील नको. मात्र घटनेला एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. पोडावरची बाई पोटातले बाळ लपवण्यात सहा-सात महिने घालवते, बाळंतपणात दोन-तीन, आणि ‘तो येईल’ ह्या आशेवर उरलेले. वर्ष तिथेच संपते. म्हणून तिच्यापर्यंत आधी पोहोचलेली आशाताई, अंगणवाडीची बाई किंवा आपला एखादा कार्यकर्ता ह्यांच्यावर सगळे येऊन ठेपते. तक्रार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत लिहिलेली चालते. मराठी त्या अनुसूचीत आहे. कोलामी नाही.