आवाज बंद करून रात्रभर लावलेलं गाणं

बुऱ्हाणपुरात कुणी गाणं काढलं की दोन दिवसांत एक निरोप फिरायला लागतो. लिंक उघडा, आवाज बंद करा, रिपीटवर टाका आणि खुशाल झोपा. सकाळी पोराचे व्ह्यूज वाढलेले असतील. शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता निरोप अर्धाच वाचून फोन ठेवून देतो. देणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पोरगा आपला, गल्लीतला, त्याचं भलं व्हावं एवढंच. म्हणून चिडू नये असं ठरवतो, आणि तरी चिडतो. कारण या मदतीने त्या पोराचं गाणं पुढे जात नाही, उलट अडतं.

आधी मोजणीचं बघू. यूट्यूबला माणसाने स्वतःहून, बघायच्या इच्छेने बघितलेलं हवं असतं. एकाच फोनवरून तेच ते पुन्हा पुन्हा चाललं, तर एका मर्यादेनंतर ते मोजलं जात नाही. ही मर्यादा कंपनी जाहीर करत नाही. केली तर लोक बरोबर तिथपर्यंतच जातील. जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी यूट्यूबवरचा आकडा ३०१ वर येऊन अडकायचा. तेव्हा तपासणी चालायची की हे खरे लोक आहेत की नुसती ढकलाढकली. २०१५ मध्ये आकडा अडवून ठेवणं बंद झालं, तपासणी बंद झालेली नाही.

स्पॉटिफायचे नियम तर याहून स्पष्ट आहेत आणि कंपनीने ते छापून ठेवलेत. गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. पण २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचा पैसाच निघत नाही. हजार म्हणजे दिवसाला तीनसुद्धा नाहीत. मग चार मित्रांनी रात्रभर लावलं की काम झालं, असं वाटतं ना? इथेच गोम आहे. हजार स्ट्रीमबरोबर ऐकणारी वेगवेगळी माणसंही ठरावीक संख्येने असावी लागतात, आणि ती संख्या कंपनी सांगत नाही. ती अट मुद्दाम या रात्रभरवाल्यांसाठीच घातलेली आहे. शिवाय ऐकण्याचा खरा हेतू नसलेले स्ट्रीम, मग ते यंत्राने केलेले असोत की आणखी कशाने, सापडले की आकड्यातून वजा होतात. प्रकार फारच उघड असेल तर गाणं चढवणाऱ्या वितरकाला गाण्यामागे दंड लागतो. वितरक तो स्वतःच्या खिशातून कशाला भरेल? तो कलाकाराच्या खात्यावर टाकतो, कधी गाणंच उतरवतो. म्हणजे मित्रांनी प्रेमाने फोन लावून ठेवायचे आणि दंड गाणाऱ्याने भरायचा.

पण समजा काही पकडलं गेलं नाही, सगळे व्ह्यूज धरले गेले. तरी नुकसान होतंच, आणि खरं मोठं नुकसान तेच.

गाणी सुचवणारी ही यंत्रणा गाण्याला कान लावून ते चांगलं की वाईट ठरवत बसत नाही. मुख्यतः ती माणसं बघते. हे गाणं ज्यांनी शेवटपर्यंत ऐकलं ते आणखी काय ऐकतात, त्यांच्यासारखे दुसरे कोण आहेत, त्यांना हे दाखवून बघू. एवढाच तिचा हिशेब. आता गाणं आहे अहिराणी, वरातीत नाचायचं. आणि पहिल्या दिवशी ते उघडणारे कोण? भजनाच्या ग्रुपवरच्या मावश्या, कापडाचे व्यापारी, दिवसभर बातम्या ऐकणारे काका. पोराच्या बापाचा मान राखायला लिंक उघडली, दहा सेकंद बघितलं, अंगठ्याचं चिन्ह टाकलं, बाहेर. यंत्रणेने यातून काय शिकायचं? की हे गाणं भजन ऐकणाऱ्यांना दाखवलं आणि त्यांनी ते दहा सेकंदांत सोडलं. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त वजन देतं. तेव्हा मान राखायला केलेली क्लिक ही न केलेल्या क्लिकपेक्षा वाईट ठरू शकते. वऱ्हाडी कमी म्हणून भाड्याची माणसं आणून मांडव भरला, तर आचारी स्वयंपाक त्यांच्याच हिशेबाने करणार.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्याकडच्या एका मुलाने यूट्यूब स्टुडिओ उघडून दाखवला. पॉवरलूमच्या खडखडाटापासून लांब, मागच्या खोलीत भिंतीला गादी लावून त्याने रेकॉर्डिंग केलं होतं. किती जण ऐकत राहिले हे दाखवणारी गाण्याखालची रेघ सुरुवातीलाच कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. मुखडा सुरू व्हायच्या आत बहुतेक मंडळी पसार. पण तळाशी आल्यावर तीच रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सपाट गेलेली. ही टिकून राहिलेली माणसं कुठली म्हणून बघितलं तर गावांच्या यादीत बुऱ्हाणपूर वर होतं खरं, पण तिथला सरासरी वेळ सेकंदांत. सुरतेतून बघणारे थोडेच, पण पूर्ण गाणं ऐकणारे. खान्देशातून कामधंद्यासाठी सुरतेला गेलेली माणसं किती आहेत हे इकडे कुणाला सांगायला नको. पोराचा श्रोता तिकडे होता, आणि आम्ही त्याला बुऱ्हाणपुरात झोपलेल्या फोनांमध्ये शोधत होतो.

पैशाच्या बाजूनेही तेच. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनेलचे १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. चार मिनिटांचं गाणं लोकांनी पूर्ण ऐकलं तर ४,००० तास भरायला ६०,००० वेळा वाजावं लागेल. वीस-वीस सेकंद ऐकून सोडलं तर तेवढ्याच तासांना ७,२०,००० वेळा. मावश्यांचे ग्रुप कितीही वाढवा, हा आकडा गाठला जाणार नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज जरा सुशिक्षित मंडळींचा: गाणं चांगलं असेल तर आपोआप पोचतं, सांगायची गरजच नाही. कानाला बरं वाटतं. पण त्याची परीक्षा झालेली आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, १४,००० हून जास्त श्रोते. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलंय हे दिसू दिलं. गाणी तीच, पण वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. नुसत्या आवडीने २६व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात ४०वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं नशीब मात्र सुरुवातीला कोणी उचललं यावर ठरलं. आणि आपली बहुतेक गाणी मधलीच असतात, हे मान्य करायला हरकत नाही.

म्हणजे पहिल्या काही ऐकणाऱ्यांना वजन असतं. ‘माझ्या एकट्याच्या ऐकण्याने काय होणार’ म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल हा संगीतशास्त्री कर्नाटकातून इकडे खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या आश्रयाला आला आणि त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. पुढे तो उत्तरेत कछवाहा राजांकडे गेला. तेव्हा एका जाणत्या दरबाराचे कान मिळाले की भागत असे. आता दरबार नाहीत, पण जाणते कान आहेत.

मग शिफारस करायची कशी? ज्याला आवडेल त्यालाच पाठवा. वीस ग्रुपवर ढकलण्यापेक्षा वरातीत नाचणाऱ्या एका भाच्याला आणि सुरतेच्या एका मेहुण्याला पाठवलेलं जास्त चालतं. सोबत एक ओळ लिहा: दुसऱ्या कडव्यातली ढोलकी ऐक, किंवा आपल्या आजीच्या तोंडचे शब्द आहेत बघ. नुसती लिंक आणि खाली पाच हात जोडलेले, याने कुणी ऐकत नाही, मान राखतो. स्वतः ऐकाल तेव्हा पूर्ण ऐका, आवडलं तर आपल्या यादीत ठेवा. रीलला गाणं लावायचं तर अ‍ॅपमधल्या संगीताच्या यादीतून घ्या म्हणजे गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव सोबत जातं. टीव्हीसमोर फोन धरून घेतलेल्या आवाजाला नाव नसतं. आणि आवडलं नाही तर पाठवू नका. तुमच्या शिफारशीला उद्याही किंमत राहावी, असं वाटत असेल तर निदान.

इथे आणखी एक सवय, मायेपोटी केलेली आणि तितकीच निरुपयोगी: गाण्याची फाइल पाठवणे. पूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, ती खोड अजून गेलेली नाही. लिंक उघडायला नेट लागतं म्हणून लोक गाणं उतरवून घेतात आणि फाइलच फिरवतात. गाव गाणं ऐकतं, डीजेवाला वाजवतो, आणि गाणाऱ्याच्या खात्यावर त्यातलं एकही ऐकणं दिसत नाही. नाव कापलं जातं ते वेगळंच. पुढच्या माणसाच्या फोनवर ते ‘नया खानदेशी डीजे’ होऊन पोचतं.

आता व्ह्यूज विकणारे. अमुक रुपयांत दहा हजार, तमुक रुपयांत लाख, असे मेसेज प्रत्येक नव्या गायकाला येतात. ‘मोठे लोकही हेच करतात’ हे त्यांचं आवडतं वाक्य. मोठ्यांचं काय झालं ते बघा. जुलै २०१९ मध्ये रॅपर बादशहाच्या ‘पागल’ या गाण्याने २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूजचा विक्रम केल्याचा दावा झाला. जाहिराती देऊन ते वाढवल्याचं त्यानेच पुढे सांगितलं. यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही, आणि सप्टेंबरमध्ये नियमच केला की जाहिरातीतून आलेले व्ह्यूज संगीताच्या क्रमवारीत आणि २४ तासांच्या विक्रमात धरायचे नाहीत. ती जाहिरात तरी अधिकृत होती. यंत्राने चालवलेले व्ह्यूज म्हणजे सरळ फसवणूक. २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसावर बनावट स्ट्रीममधून एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उकळल्याबद्दल खटला भरला गेला.

बाकीचे किरकोळ गैरसमज भराभर घेतो.

‘अहिराणी-मराठीत कोण ऐकतं, मध्य प्रदेशात राहतोस तर हिंदीत गा.’ २०११ च्या जनगणनेत, अहिराणी जिच्यात मोडते ती खान्देशी मातृभाषा सांगणारेच साडेअठरा लाखांच्या आसपास आहेत. ‘हाई झुमका वाली पोर’ कोट्यवधी वेळा बघितलं गेलंय, आणि ‘गुलाबी साडी’वाला संजू राठोड शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलाच. राज्याची सीमा रावेरच्या अलीकडे आहे, यूट्यूबमध्ये नाही.

‘संजू राठोडचं एका रात्रीत झालं.’ ‘गुलाबी साडी’ २०२४ चं. ‘नऊवारी’ त्याच्या आदल्या वर्षीचं, आणि त्याआधीची गाणी आपण ऐकलीच नव्हती.

‘स्पॉटिफायवर गाणं चढवायला मुंबईची कंपनी लागते.’ लागत नाही. वर्षाची फी किंवा उत्पन्नातला वाटा घेणारे वितरक घरबसल्या मिळतात. स्पॉटिफायच्या गाण्यांच्या याद्यांसाठी शिफारस मात्र प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी कळवलेली बरी, म्हणजे निदान फॉलोअरपर्यंत ते नक्की जातं. आपल्याकडे गाणं गणपतीच्या आदल्या रात्री मिक्स होतं, तो भाग वेगळा.

‘एका स्ट्रीमचे इतके पैसे ठरलेले असतात.’ ठरलेले नसतात. महिन्याच्या जमेतला हक्कदारांचा भाग एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटला जातो, म्हणून दर महिन्याला हिशेब बदलतो.

‘शॉर्टला लाख व्ह्यूज आले, आता पैसा सुरू.’ मार्च २०२५ अखेरपासून शॉर्ट नुसतं चालू झालं तरी व्ह्यू धरला जातो. कमाईचा हिशेब वेगळ्या, कडक आकड्यावर होतो.

‘तीस सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं वापरलं तर चालतं’ आणि या गैरसमजाचा सख्खा भाऊ, ‘खाली श्रेय दिलं की झालं.’ भारताच्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही, आणि श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

‘लोकगीत कुणाच्याच मालकीचं नसतं.’ चाल नसेल. पण गेल्या वर्षी कुणी ती गाऊन रेकॉर्ड केली असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या निर्मात्याचा असतो. चाल हवी असेल तर आपल्या गळ्याने गा.