जुनी गाडी शोरूमला द्यावी की स्वतः विकावी?

बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला नवी गाडी घ्यायची असली की नागपूरच्या शोरूमची फेरी ठरलेली. टेस्ट ड्राइव्ह होते, रंग पसंत पडतो आणि मग सेल्समन सहज विचारतो, 'जुनी गाडी एक्स्चेंजला देणार का?' इकडे कारखान्यातल्या एखाद्या सहकाऱ्याने त्याच गाडीला ३०-४० हजार जास्त देऊ केलेले असतात. शोरूमला द्यावी तर पैसे कमी येतात, स्वतः विकावी तर कटकट होते. पण हा फरक नेमका कशाचा असतो? आणि गाडी दारातून गेली म्हणजे जबाबदारीही गेली, असे समजावे का?

शोरूमचा भाव कमी का?

शोरूम ती गाडी स्वतःसाठी घेत नाही. दुरुस्त करून किंवा पुढच्या डीलरला देऊन त्यावर नफा कमवायचा असतो. त्यात जीएसटीही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, नोंदणीकृत व्यावसायिकाने विकलेल्या सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के दर ठरला. हा कर पूर्ण किमतीवर नसून नफ्याच्या रकमेवर असतो. ३ लाख ७० हजारांना घेतलेली गाडी ४ लाख ३० हजारांना विकली, तर ६० हजारांवर १८ टक्के म्हणजे १० हजार ८०० रुपये. एका व्यक्तीने आपली खासगी गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर हा कर लागत नाही. खासगी व्यवहारात भाव चढा मिळण्याचे हे एक साधे कारण.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जुनी गाडी शोरूमला दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर लागतो. त्यामुळे तिथल्या यूट्यूब व्हिडिओंमध्ये एक्स्चेंजचा आग्रह धरलेला दिसतो. आपल्याकडे तो फायदा नाही. जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा जीएसटी कमी होत नाही.

खरा आकडा कसा काढायचा?

शोरूममध्ये तीन रकमा एकत्र कालवल्या जातात: जुन्या गाडीचा भाव, एक्स्चेंज बोनस आणि नव्या गाडीवरची सूट. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारावा: जुनी गाडी दिलीच नाही, तर नवी कितीला? कोटेशन लेखी घ्यावे आणि मगच जुन्या गाडीचा विषय काढावा.

समजा, एक्स्चेंजशिवाय नव्या गाडीवर ४० हजारांची सूट मिळते. एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीचे ३ लाख ७० हजार आणि वर २५ हजार बोनस, पण सूट मात्र १० हजारांवर येते. म्हणजे जुन्या गाडीचे खरे मोल ३ लाख ६५ हजार. बाहेर ती ४ लाख ५ हजारांना गेली आणि सर्व्हिसिंग, पॉलिश, कागदपत्रे यांत १० हजार गेले, तर हातात ३ लाख ९५ हजार. फरक ३० हजारांचा.

हे ३० हजार म्हणजे अनोळखी फोन, रविवारच्या फेऱ्या आणि घासाघीस यांची मजुरी. बदलीमुळे महिन्याभरात बुटीबोरी सोडायची असेल तर ती परवडत नाही. खरेदीदार ओळखीचा असेल किंवा बँकेचे कर्ज काढून घेणार असेल, तर मात्र परवडते. कर्ज देणारी बँक गाडी नावावर करून घेण्यासाठी स्वतःच मागे लागते.

भावाची अपेक्षाही जरा आवरावी लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीला आधीचा भाव कोण देणार?

गाडी गेली, पण नाव राहिले तर?

सगळ्यात महाग चूक इथे होते. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली गेली होती. पुढे ती आणखी काही हातांतून फिरली, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे राहिले. मे २००९ मध्ये अपघात झाला, एकाचा जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. विकून दोन वर्षे झाली होती, तरी.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटच्या हाती सोपवले की काम संपले, असे नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. बुटीबोरीची गाडी एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीणची. खरेदीदार तेलंगणा किंवा मध्य प्रदेशातला असेल तर आरटीओची एनओसी लागते आणि मुदत ४५ दिवसांची. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आधी उतरवावा. ई-चलानही भरून टाकावे. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी पाटी हवी. चारचाकीसाठी ती ७४५ रुपये अधिक जीएसटी अशी पडते.

मग शोरूमला दिली की सुटका?

आपोआप नाही. तिथेही कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या जातात आणि पुढचा ग्राहक मिळेपर्यंत आरसी जुन्याच नावावर राहू शकते. यासाठी केंद्राने नियम बदलले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९ सी भरून आरटीओला कळवले की तोच मानीव मालक ठरतो. गाडीच्या किल्ल्या देण्याआधी हे प्राधिकारपत्र दाखवायला सांगावे. डीलर टाळाटाळ करत असेल तर त्याने दिलेला पाच-दहा हजारांचा जादा भाव विसरलेला बरा.

शेवटची कामे

पैसे बँकेतूनच घ्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. विम्यावरचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला ती लावता येते. शोरूमच्या घाईत हे पत्र हमखास राहून जाते.

महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहावा. मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते, पण बदलले की नाही ते कळते. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर नवा मालक बोरखेडीच्या टोलनाक्यावरून हिंगणघाटकडे निघेल आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून कटतील.