शीत नको, अख्खा भात तपासा!

शितावरून भाताची परीक्षा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मात्र हे चालत नाही बरं का! वेबसाइटवर एक बटण बदललं, तरी आधीची सगळी कामं पुन्हा तपासायची. लॉगिन, शोध, पैसे भरणं, पावती... पुन्हा पुन्हा तेच. हे हाताने करणं म्हणजे मॅन्युअल टेस्टिंग. तेच काम कॉम्प्युटरकडून करून घेणारा प्रोग्रॅम लिहिला, की झालं ऑटोमेशन.

लग्नाआधी मी तीन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं. मग मुलगी झाली आणि पाच वर्षं खोपोलीत घरीच होते. पुन्हा नोकरी शोधायला लागले, तर जिथे जावं तिथे एकच प्रश्न, ऑटोमेशन येतं का?

म्हणून शिकायला बसले. सुरुवात सेलेनियमपासून. हे साधन जेसन हगिन्स यांनी 2004 साली अमेरिकेत, शिकागोला, थॉटवर्क्स कंपनीत असताना तयार केलं. नावाची गंमत आहे. तेव्हा या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा सेलेनियमचा, असा तो विनोद! हा उतारा फुकट मिळतो, हे आपल्यासारख्यांना जास्त महत्त्वाचं. जावा, पायथॉन यांसारखी एखादी भाषा मात्र शिकावी लागते. मी जावा घेतली. रोज दुपारी दोन तास, मुलगी शाळेतून येईपर्यंत. पहिला महिना नुसतं लूप आणि अ‍ॅरे समजण्यातच गेला.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न 'वेट'चा. पान उघडायला वेळ लागला तर तुमचा प्रोग्रॅम थांबणार कसा? पुस्तकातली व्याख्या काही डोक्यात राहीना. मग आठवलं कर्जत स्टेशन. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी इथे मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडली गेली, ब्रेक तपासून झाले, की गाडी निघते. हा झाला एक्स्प्लिसिट वेट. अमुक गोष्ट होईपर्यंत थांब, झाली की लगेच पुढे जा, आणि ठरलेल्या मुदतीत नाहीच झाली तर टेस्ट नापास कर. याउलट 'थ्रेड स्लीप' म्हणजे इंजिन लागलं तरी घड्याळाकडे बघत दहा मिनिटं उभंच राहायचं. (वडा खायला बरं, टेस्टला वाईट!) एका मुलाखतीत मी हेच उदाहरण दिलं. समोरचे गृहस्थ पुण्याचे होते, खळखळून हसले.

दुसरा नेहमीचा प्रश्न असतो, 18 ते 60 वयाच्याच लोकांनी भरायचा फॉर्म कसा तपासाल? मधली वयं एखाददुसरी पुरतात. गडबड असते ती काठावर. 17, 18, 60, 61 तपासा. रकाना रिकामा सोडून बघा, वयाच्या जागी नाव लिहून बघा. लोक काय काय करतील याची कल्पना आपल्याला चांगलीच असते!

पण सगळे प्रश्न असे कामाचे नसतात. नवी मुंबईतल्या एका कंपनीत मला पहिलाच प्रश्न आला, "खोपोलीहून रोज येणार? मग मुलीला कोण बघणार?" माझ्या आधी आत गेलेला मुलगा बदलापूरचा होता, त्यालाही लहान मूल होतं. त्याला घरचं काहीच विचारलं नव्हतं. बाहेर बसल्या बसल्या आमचं बोलणं झालं, म्हणून कळलं. "सर, घरची व्यवस्था मी लावली आहे. तुम्ही कामाबद्दल विचारा," मी म्हटलं. ती नोकरी मिळाली नाही.

कर्जतच्या माझ्या मैत्रिणीची गोष्ट वेगळीच. एका क्लासवाल्याने तिला साठ हजार फी सांगितली आणि वर तीन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतो म्हणाला. मला याची फार चीड येते. अनेक कंपन्या माणूस घेताना पीएफच्या यूएएन नंबरवरून आधीच्या नोकऱ्या पडताळतात. खोटं उघड झालं, तर लागलेली नोकरीही जाते. मैत्रीण तिथून उठून आली. घेतलेल्या कर्जाचे पैसे तिने बँकेत परत भरले.

मग आम्ही दोघींनी मिळून सरावासाठीच असलेल्या एका वेबसाइटवर वीस टेस्ट लिहिल्या. त्या गिटहबवर ठेवल्या आणि रेझ्युमेत लिंक दिली. माझी पाच वर्षांची गॅप तशीच लिहिली, लपवली नाही. पुण्याच्या त्या गृहस्थांनी लिंक उघडून अर्धा तास एकेका ओळीवर प्रश्न विचारले. आता मी त्यांच्याच टीममध्ये आहे. आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला जाते, कर्जत आणि ठाण्याला गाडी बदलून. जायला अडीच तास लागतात, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांना जमेल त्यांनीच हे धरावं.

हल्ली सेलेनियमच्या जोडीने मायक्रोसॉफ्टचं प्लेराइटही विचारतात. कोडच्या ओळी एआय भराभर लिहून देतं, पण काय तपासायचं आणि कुठे संशय घ्यायचा, हे मुलाखतीत तुमच्याच तोंडून ऐकायचं असतं.

मैत्रिणीची मुलाखत येत्या सोमवारी आहे. रोज रात्री जेवणं आटोपली की फोनवर मी तिला प्रश्न विचारते. एक्सपाथवर ती अजून अडखळते.