चूक कोठे झाली? : मूल्यमापनाचा खरा प्रश्न

बावन्नातून सत्तावीस वजा करण्याचे उदाहरण दोन मुलांनी सोडविले, असे समजू. एकाचे उत्तर 35 आले, दुसऱ्याचे 24. गुणपत्रकात दोघांनाही शून्यच मिळेल. परंतु पहिल्याने दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याला उमगलेली नाही. दुसऱ्याची रीत बरोबर असून मोजताना एकाची चूक झाली आहे. पहिल्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे द्यावयास हवेत. दुसऱ्यास थोडा सराव पुरेसा आहे. हा भेद गुणांतून कळत नाही.

शासनाची योजना

याच विचाराने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयान्वये ही पद्धती पहिली ते आठवीसाठी लागू केली. अध्यापन चालू असताना करावयाचे ते आकारिक मूल्यमापन व सत्राअखेरचे ते संकलित मूल्यमापन. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने ठरविण्यात आली. पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचा भार 70 टक्के, तर सातवी-आठवीस 40 टक्के ठेवण्यात आला.

नोंद आणि उपाय

अनुत्तीर्ण न करणे म्हणजे न तपासणे नव्हे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षेची तरतूद झाली व अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून ही परीक्षा घेण्यात येऊ लागली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पूरक मार्गदर्शन व निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी देणे अधिनियमानुसार आवश्यक आहे. तथापि, वर्षभर न दिसलेली उणीव दोन महिन्यांत भरून निघणे कठीण. ती ज्या दिवशी वहीत दिसेल, त्याच आठवड्यात दूर झाली पाहिजे.

‘प्रगती समाधानकारक’ ही नोंद चाळीस मुलांपुढे सारखीच लिहिली, तर नोंदवही भरते. मूल तेथेच राहते. ‘हातच्याची वजाबाकी चुकते, गठ्ठ्यांनी सराव दिला’ एवढी एक ओळ अधिक मोलाची ठरते.

म्हणून शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने नोंदवह्यांची संख्या विचारण्यापूर्वी एखादी नोंद वाचून, पुढे काय केले, हे विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व ग्रामपंचायतीचे प्रतिनिधीही असतात. त्यांनीही सभेत टक्केवारीबरोबर हाच प्रश्न मांडला, तर मूल्यमापन कागदावरून वर्गात उतरेल.